ओरखडे की पोपडे: हेअरस्प्रे आणि मीठ यातला घोळ

गाडीचं मॉडेल जुनं, गंजकं दाखवायचं म्हटलं की सॉल्ट चिपिंग आणि हेअरस्प्रे चिपिंग हे दोन शब्द हमखास कानावर येतात, आणि निम्मे लोक दोन्ही एकच समजतात. त्यांचीही चूक नाही म्हणा. दोन्हीत खाली गंजाचा रंग, वर गाडीचा रंग आणि शेवटी पाणी लावून वरचा रंग उडवायचा. त्यात मीठ चिकटून राहावं म्हणून बरेचजण त्याच्याखाली हेअरस्प्रेच मारतात, मग नवख्या माणसाने काय समजायचं!

माझ्यापुरता हिशोब सोपा आहे. ओरखडे हवेत तर हेअरस्प्रे, पोपडे हवेत तर मीठ.

सध्या टेबलावर १:२४ ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची प्रीमियर पद्मिनी आहे, काळीपिवळी, थ्रीडी प्रिंट केलेली नुसती बॉडी, साधारण साडेसहा इंच. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेव आरटीओत रजिस्टर झाली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ मध्ये ती पण रस्त्यावरून गेली, त्यामुळे आता फोटो बघूनच काम. फोटो नीट बघितले की कळतं, टपावर कॅरियर होता तिथे रंग घासून गेलाय, दरवाज्याच्या हँडलभोवती नखांनी अंगठ्यांनी खरवडलंय, ही झाली माणसांनी केलेली झीज. पण दरवाज्याच्या खालच्या कडेला, मडगार्डच्या कमानीला आणि टपाच्या कडेच्या पन्हळीत जे दिसतं ते वेगळं, तिथे पाणी साचून पत्रा आतून कुजलाय आणि रंग फुगून पोपडे पडलेत.

हेअरस्प्रेचं काम असं चालतं. गंजाचा रंग मारायचा, त्यावर लॅकर क्लिअर (पाण्याने न सुटणारा पारदर्शक थर) मारून तो पक्का करायचा, मग हेअरस्प्रेचे दोन हलके हात, वाळला की वरून ॲक्रिलिक, म्हणजे पाण्यात मिसळणारा रंग. अर्ध्या तासाने छोट्या भागावर कोमट पाणी लावून थांबायचं, पाणी रंगातून झिरपतं, खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि आखूड केसांच्या ब्रशने घासलं की रंग सुटतो. म्हणूनच वरचा रंग ॲक्रिलिकच लागतो आणि तोही पातळ, लॅकर मारलात तर पाणी आत जाणारच नाही, बसा घासत. तामिया या मॉडेलवाल्या कंपनीचा रंग मी इथे त्यांच्या थिनरऐवजी साध्या पाण्याने पातळ करतो, पकड जरा कमी बसते आणि आपल्याला तेच हवंय. रात्री रंगवून दोन दिवसांनी घासायला बसू नका, तोवर रंग कडक होतो. हेअरस्प्रे स्वस्तातला चालतो, फक्त आधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर मारून वाळवायचा आणि ओल्या बोटाने चोळायचं, चिकट झाला तर कामाचा. दमट हवेत टिकणारा वगैरे लिहिलेला भारीतला घेऊ नका.

मिठाचं तसं नाही. मीठ खाली विरघळून रंग सोडवत नाही, ते दाणा म्हणून जागा अडवून बसतं. बॉडी ओली करायची, हवं तिथेच चिमूट चिमूट मीठ टाकायचं, पूर्ण वाळू द्यायचं, वरून रंग, आणि नंतर आधी कोरड्या बोटानेच दाणे खरवडून काढायचे, पाणी नंतर. त्यामुळे वरचा रंग लॅकर असला तरी चालतो. ॲक्रिलिक असेल तर मात्र एअरब्रशने (रंग फवारायच्या छोट्या पिस्तुलाने) लांबून कोरडे कोरडे हात मारायचे, ओला फवारा बसला की मीठच विरघळतं. पावसाळ्यात तर मिठाला आपोआपच पाणी सुटतं, गेल्या जुलैत माझं सगळं मीठ रात्रीत ओघळून दारावर पांढरे ओघळ झाले होते, आता मी तव्यावर भाजून घेतो.

दाण्याच्या आकाराकडे लोक बघतच नाहीत. साधं बारीक मीठ धरा ०.३ मिमी, १:२४ ला तो झाला ७ मिमीचा डाग, ठीक आहे. खडेमिठाचा २ मिमीचा खडा म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ ५ सेंमीचं भगदाड! म्हणून खलबत्त्यात कुटून, जाड बारीक मिसळून टाकायचं, एकसारखं पडलं की पुरळ आल्यासारखं दिसतं.

अजून एक फरक म्हणजे हातातला कंट्रोल. हेअरस्प्रेत घासता घासता कुठे थांबायचं ते तुम्ही ठरवता, मिठात जे ठरवायचं ते टाकतानाच, नंतर उघडेल ते आपलं. मला स्वतःला कुजलेल्या भागासाठी ही बेशिस्तच आवडते, हेअरस्प्रेने कितीही जपून केलं तरी त्यात हाताची दिशा दिसते.

माझ्या पद्मिनीत दोन्ही आहेत. टप पिवळा, त्याला फक्त हेअरस्प्रे. इथे मी एकदा शेण खाल्लंय, पिवळा मारून त्यावर मास्किंग टेप लावली आणि काळा मारून टेप ओढली तर टेपसोबत अर्धा टप पण आला, खाली हेअरस्प्रे आहे म्हटल्यावर येणारच. आता आधी पिवळा घासून घेतो, क्लिअर मारतो, एक दिवस जाऊ देतो आणि मगच टेप. काळ्या भागात खालच्या कडेला, कमानीला आणि पन्हळीत मीठ, बाकी हँडलभोवती आणि डिकीच्या कडेला हेअरस्प्रे, दोन्हीवर एकाच वेळी काळा रंग, आधी मीठ खरवडायचं आणि मग ओलं काम.

शेवटचा क्लिअर मारायच्या आधी बॉडी नळाखाली नीट धुवा आणि रात्रभर वाळवा. काल धुतली ती आज बॅटरीच्या उजेडात बघितली तर पन्हळीत पांढरी रेघ, मीठ राहिलंच होतं. परत नळाखाली.