तय्यबजी घराणे, टिळकांचा जामीन आणि १८२७ चे रेग्युलेशन : पार्श्वभूमी

मुंबईच्या तय्यबजी घराण्याचे नाव निघाले की दोन तारखा हमखास सांगितल्या जातात. १८८७ साली बद्रुद्दीन तय्यबजी मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले आणि १९३० साली त्यांचे पुतणे अब्बास तय्यबजी मिठाच्या सत्याग्रहात धारासण्याच्या वाटेवर पकडले गेले. दोन्ही बरोबर आहेत. पण या घराण्याने इंग्रज सत्तेशी कशी झुंज दिली हे पाहायचे, तर मधला एक दिवस घ्यावा लागतो : ४ ऑगस्ट १८९७, मुंबई हायकोर्ट, टिळकांचा जामीन अर्ज.

घराणे नवाबांचे नव्हे, व्यापाऱ्यांचे. खंबायतहून मुंबईला आलेले सुलेमानी बोहरा. बद्रुद्दीन यांचे वडील तय्यबअली यांनी व्यापारात पैसा केला आणि तो मुलांच्या शिक्षणात घातला. घरातली गुजराती मागे पडून उर्दू आली, मुले विलायतेला गेली. थोरले कमरुद्दीन मुंबईतले पहिले हिंदी सॉलिसिटर झाले. बद्रुद्दीन १८६० मध्ये गेले, डोळ्यांच्या विकारामुळे मध्येच परतले, पुन्हा गेले आणि १८६७ मध्ये मिडल टेम्पलमधून बॅरिस्टर होऊन आले. मुंबई हायकोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर.

या दोन भावांच्या व्यवसायांची सांगड महत्त्वाची आहे. हायकोर्टाच्या मूळ शाखेत, म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होत तिथे, बॅरिस्टरला पक्षकाराकडून थेट काम घेता येत नसे. कागदपत्रे सॉलिसिटरने तयार करायची आणि ब्रीफ, म्हणजे खटला चालवण्याचे काम, त्याने द्यायची. मोठ्या पेढ्या युरोपियन, त्यामुळे ब्रीफ जायची तीही युरोपियन बॅरिस्टरांकडे. नुसती सनद घेऊन आलेला हिंदी माणूस बाररूममध्ये बसून राहिला असता. घरातच सॉलिसिटर असल्यामुळे तय्यबजींचा पाय रोवला गेला आणि मागून येणाऱ्या हिंदी बॅरिस्टरांनाही वाट मिळाली.

पुढचा भाग वाचकांना ठाऊकच आहे : मुंबई महापालिका, फिरोजशहा मेहता आणि तेलंग यांच्याबरोबरचे त्रिकूट, अंजुमन-ए-इस्लाम, युरोपियनांचे खटले हिंदी न्यायाधीशांपुढे चालू देणाऱ्या इल्बर्ट बिलाच्या समर्थनार्थ १८८३ ची टाउन हॉलमधली सभा, १८८५ ची बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन. वॉर्डन रोडवर त्यांनी बांधलेले सॉमरसेट हाउस आज सोफिया कॉलेजच्या आवारात आहे.

मद्रासला ६०७ प्रतिनिधी होते. अध्यक्षपदावरून तय्यबजींनी मुसलमानांना काँग्रेसमध्ये येण्याचे आवाहन केले आणि त्याच आठवड्यात सर सय्यद अहमद यांनी लखनौला काँग्रेसवर जाहीर हल्ला चढवला. दहा महिन्यांनी, ऑक्टोबर १८८८ मध्ये, तय्यबजींनी काँग्रेसचे संस्थापक ह्यूम यांना लिहिले की काँग्रेस निदान पाच वर्षे स्थगित ठेवावी. या पत्राला काहीजण माघार म्हणतात. पण याच सुमाराचे दुसरे पाऊलही पाहायला हवे. हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधी जवळजवळ एकमुखाने ज्या विषयाला विरोध करतील तो चर्चेला घेऊ नये, असा नियम त्यांनी सुचवला होता आणि अलाहाबादच्या अधिवेशनात त्याच वर्षी तो मंजूर झाला. फुटीची भीती वाटणारा माणूस घरी न बसता नियम लिहायला घेतो, यात माघार कुठली?

१८९५ मध्ये ते न्यायमूर्ती झाले. दोन वर्षांत पुण्यातला प्लेग, रँडचा खून आणि टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला एकामागून एक आले. कलम १२४-अ खालची तक्रार ‘केसरी’च्या १५ जून १८९७ च्या अंकातल्या मजकुराबद्दल होती : ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आणि शिवराज्याभिषेक उत्सवातल्या भाषणांचा वृत्तान्त. २७ जुलैच्या रात्री टिळकांना मुंबईत अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात न्या. पार्सन्स आणि न्या. रानडे यांच्यापुढे अर्ज गेला, त्यांनीही नाकारला.

रानड्यांनी नाकारलेला जामीन तय्यबजींनी दिला, यावर मराठीत बरीच शाई खर्ची पडली आहे. बहुतेक लिखाण रानडे आणि टिळक यांच्या जुन्या वैरावर घसरते. अर्ज कोणत्या टप्प्यावर होते, हे मात्र क्वचितच कोणी पाहते. पहिल्या अर्जाच्या वेळी मॅजिस्ट्रेटपुढची चौकशी चालू होती. तिचा निकाल लागण्याआधी वरच्या कोर्टाने हात घालणे टाळले आणि पुढे पुन्हा अर्ज करण्याची मुभा ठेवली. चौकशी संपून खटला सेशन्सकडे पाठवला गेला तेव्हा परिस्थितीच बदलली. आता खटला लागेपर्यंत आरोपीने काही आठवडे कोठडीत राहायचे की बाहेर, एवढाच प्रश्न उरला. टिळकांचे बॅरिस्टर दावर यांनी ४ ऑगस्टला तय्यबजींपुढे अर्ज चालवला.

कायदा त्या वेळचा, म्हणजे १८८२ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचा. राजद्रोह अजामीनपात्र होता. पण कलम ४९८ ने हायकोर्टाला कोणत्याही प्रकरणात जामिनाचा अधिकार दिला होता. तो वापरायचा कसा, हे न्यायाधीशाच्या विवेकावर. तय्यबजींनी कसोटी साधी धरली : जामिनाचा हेतू आरोपी खटल्याला हजर राहील याची हमी घेणे हा आहे. टिळक पळून जाणारे नाहीत. कोठडीत ठेवले तर बचावाची तयारी नीट होणार नाही. आणि शेवटी ते निर्दोष ठरले, तर भोगलेली कैद कोणी परत देऊ शकणार नाही. मोठ्या रकमेच्या जामिनावर सुटका झाली.

तयारीचा मुद्दा नुसता कागदावरचा नव्हता. सरकारचा दावा ‘केसरी’च्या मजकुराच्या इंग्रजी भाषांतरावर उभा होता आणि ते ओळ न् ओळ तपासायला लेखक स्वतः हवा होता. बचावासाठी बॅरिस्टर थेट कलकत्त्याहून आणायचे होते, त्यांचा खर्च उभा करायचा होता. कोठडीत भेटीच्या ठरलेल्या वेळांत हे जमले नसते. ८ सप्टेंबरला खटला सुरू झाला. ज्युरीत ६ युरोपियन आणि ३ हिंदी, निकालही ६ विरुद्ध ३. १४ तारखेला १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. शिक्षा टळली नाही, पण बचाव बचावासारखा झाला.

काँग्रेसचा माजी अध्यक्ष न्यायासनावर आणि काँग्रेसचा पुढारी आरोपी, म्हणून हा पक्षपात होता, असे म्हणणाऱ्यांनी १८९३ च्या मुंबईतल्या दंग्यानंतर टिळकांनी मुसलमानांविषयी काय लिहिले ते आठवावे. तय्यबजींना टिळकांविषयी ममत्व वाटावे असे त्यात काही नव्हते. पुढे १९०८ मध्ये, तय्यबजींच्या निधनानंतर दोन वर्षांनी, टिळकांचा जामीन अर्ज जिनांनी चालवला. तो फेटाळणारे न्यायमूर्ती होते दावर, १८९७ मध्ये तय्यबजींपुढे उभे राहिलेले तेच.

टिळकांच्या अटकेच्याच आठवड्यात पुण्यातले सरदार नातू बंधू यांना पकडले होते. त्यांच्यासाठी असा अर्जच करता आला नाही. कारण त्यांच्यावर आरोपच ठेवला नव्हता. मुंबई सरकारचे १८२७ चे २५ वे रेग्युलेशन कोणालाही ‘राजबंदी’ म्हणून बिनआरोप, बिनखटला ठेवण्याची सोय करत होते. जिथे आरोप नाही तिथे जामीन कसला आणि न्यायाधीश तरी काय करणार? तय्यबजींच्या मार्गाची ही हद्द होती.

तेहतीस वर्षांनी तेच रेग्युलेशन घराण्याच्या पुढच्या पिढीसमोर आले. अब्बास तय्यबजी हे बद्रुद्दीन यांचे पुतणे आणि जावईही. बडोदा संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेले, राहणीने पक्के विलायती. जालियनवाला बागेनंतर काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीत गांधीजी, चित्तरंजन दास आणि मुंबईचे जयकर यांच्याबरोबर ते होते. साक्षी घेताना त्यांचा इंग्रजी न्यायावरचा विश्वास उडाला. विलायती कपडे गेले, खादी आली, तिसऱ्या वर्गाचा प्रवास आला.

५ मे १९३० च्या पहाटे, मध्यरात्र नुकतीच उलटली असताना, मिठाच्या सत्याग्रहात दांडीजवळच्या कराडीला गांधीजींना पकडले ते याच रेग्युलेशनखाली. खटला झाला असता तर त्यांचे निवेदन देशभर छापले गेले असते. सरकारला तेच नको होते. नेतृत्व ठरल्याप्रमाणे अब्बास तय्यबजींकडे आले. वय ७६. १२ मे रोजी ते धारासण्याच्या मिठागरांकडे निघाले. निघताना कस्तुरबा सोबत होत्या. वाटेतच अटक झाली आणि ३ महिन्यांची कैद. जागा सरोजिनी नायडूंनी घेतली आणि २१ तारखेचा लाठीमार जगभर छापून आला. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर त्याच दिवसांत लोकांच्या लाटा येत होत्या, १ जूनला सुमारे १५ हजार माणसे चालून गेली.

अब्बास तय्यबजी ९ जून १९३६ रोजी मसुरीला वारले. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला आणि त्यांना गुजरातचे पितामह म्हटले.