मानसेवी की नोकरदार? होमगार्डच्या भत्त्याच्या प्रश्नामागील पार्श्वभूमी

होमगार्डला दिवसाला किती भत्ता मिळावा, हा वाद वरवर पाहता पैशांचा आहे. मात्र त्याचे मूळ संघटनेच्या जन्मापासून चालत आलेल्या एका गृहीतकात आहे. दल उभे करणाऱ्यांच्या मते होमगार्ड हा स्वतःच्या पोटापाण्याचा वेगळा उद्योग असलेला नागरिक होता. गरज पडेल तेव्हा तो गणवेश चढवून पोलिसांच्या मदतीला यायचा आणि काम संपले की आपल्या दुकानात, शाळेत किंवा कचेरीत परतायचा.

6 डिसेंबर 1946 रोजी मुंबई प्रांतात हे दल स्थापन झाले, तेव्हा शहरात जातीय दंगलींचे वातावरण होते आणि पोलीसबळ अपुरे पडत होते. पुढच्याच वर्षी कायदा आला. माणसांचे संरक्षण, मालमत्तेची सुरक्षा आणि सार्वजनिक सुरक्षितता यांसंबंधी जी कामे सोपवली जातील ती पार पाडणारी स्वयंसेवी संस्था, अशी दलाची व्याख्या त्यात केलेली आहे. कामावर बोलावलेल्या सदस्याला पोलिसांचे अधिकार आणि संरक्षण मिळते, पण पोलिसांची सेवा मिळत नाही. पुढच्या सगळ्या तंट्यांचे बीज या दोन तरतुदींच्या एकत्र असण्यात आहे. हाच कायदा नंतर दिल्लीलाही लागू करण्यात आला, त्यामुळे तेथील न्यायालयांतही याच शब्दांचा कीस पाडला गेला.

1962 च्या चिनी आक्रमणानंतर केंद्राने राज्यांतील निरनिराळ्या स्वयंसेवी दलांना एकसारखे रूप देण्याचा सल्ला दिला आणि मुंबईची ही कल्पना देशभर गेली. 1965 च्या युद्धानंतर नागरी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा 1968 मध्ये झाला. हवाई हल्ल्याचा इशारा, काळोखाची अंमलबजावणी, ढिगाऱ्याखालून सुटका ही कामे त्या दलाकडे गेली. होमगार्डकडे मुख्यतः बंदोबस्त राहिला. युद्धाची आठवण पुसट होत गेली, तसे नागरी संरक्षण दल मागे पडले आणि होमगार्डचे काम मात्र वाढत गेले, हा या इतिहासातला काहीसा विचित्र भाग आहे.

निवडणुका, गणेशोत्सव, आषाढी वारी, दहावी-बारावीच्या परीक्षा, वाहतूक नियमन, पूर अशा असंख्य प्रसंगी पोलीस ठाण्यांना हुकमी मनुष्यबळ लागते आणि ते कायमस्वरूपी भरतीपेक्षा होमगार्डमधून स्वस्तात मिळते. दुसरीकडे, ज्यांना वेगळा उद्योगच नाही अशा बेरोजगार तरुणांनी मोठ्या प्रमाणावर नोंदणी केली. परिणामी, प्रासंगिक सेवेसाठी आखलेले दल अनेकांच्या घरखर्चाचा आधार झाले, तरी ‘निष्काम सेवा’ हे ब्रीद आणि तीन वर्षांची नोंदणी तशीच राहिली. शासनाने या बदलाचा फायदा घेतला आणि जबाबदारी मात्र जुन्या व्याख्येवर ढकलली, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही.

हा ताण सर्वोच्च न्यायालयात गेला. हिमाचल प्रदेशसह काही राज्यांतील होमगार्डांनी वर्षानुवर्षे सलग काम केल्याचे दाखवून सेवेत कायम करण्याची मागणी केली होती. मार्च 2015 च्या निकालात ती मान्य झाली नाही, कारण मूळ रचना स्वयंसेवी असल्याने नियमित नेमणुकीचा हक्क सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने मानले. परंतु त्याच निकालात राज्यांना असे निर्देश दिले गेले की कर्तव्यभत्त्याचा दर 30 दिवसांना गुणल्यास येणारी रक्कम त्या राज्यातील पोलिसांच्या किमान वेतनाइतकी असावी. म्हणजे दर्जा स्वयंसेवकाचा आणि दर पोलिसाचा. प्रशासनाला हा निकाल खर्चिक वाटला, होमगार्डांच्या संघटनांना तो अर्धवट वाटला, आणि दोन्ही बाजूंना तसे वाटण्याची कारणे होती. खर्चाचा मोठा वाटा राज्यांनाच उचलावा लागत असल्याने अंमलबजावणीचा वेग राज्यागणिक वेगळा राहिला.

निकालात एक जागा मात्र मोकळी राहिली. दर ठरला, पण वर्षातून किती दिवस बोलवायचे हे ठरले नाही. 30 दिवसांचा हिशेब दर काढण्यापुरता आहे, त्यातून महिनाभर कामाची हमी निघत नाही. महाराष्ट्रातील मागण्यांचा रोख त्यामुळे हळूहळू दरावरून दिवसांकडे वळला. वर्षातून किमान ठराविक दिवस काम मिळावे, ही मागणी पुन्हा पुन्हा पुढे आली. निधी आटला की बंदोबस्तावरची बोलावणी थांबतात आणि सदस्याचे उत्पन्नही थांबते, हा अनुभव त्यामागे होता. 12 वर्षे पूर्ण झालेल्यांची नोंदणी पुढे चालू न ठेवण्याच्या धोरणावरूनही असंतोष होता. ते धोरण नंतर सैल करण्यात आले.

ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात दैनिक कर्तव्यभत्ता 1083 रुपयांवर नेण्यात आला. तो आधीच्या दराच्या जवळपास दुप्पट होता.

याच सुमारास स्वयंसेवकांची दुसरी वाटही रुंदावत होती. 2016 मध्ये 25 राज्यांतील 30 पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झालेली ‘आपदा मित्र’ योजना पुढे 350 जिल्ह्यांपर्यंत आणि एक लाख स्वयंसेवकांच्या उद्दिष्टापर्यंत वाढवण्यात आली. तीत प्रशिक्षण, बचावसाहित्य आणि विमा आहे, पण रोजच्या बंदोबस्ताचे काम नाही, म्हणून भत्त्याचा प्रश्नही तसा उद्भवलेला नाही. नागरी संरक्षण कायद्यातही आपत्ती व्यवस्थापनाचा समावेश दुरुस्तीने झाला होताच. मे 2025 मध्ये देशभर नागरी संरक्षणाचे सराव घेतले गेले, तेव्हा मुंबई, उरण, तारापूर ही जुनी नावे पुन्हा सरावाच्या यादीत दिसली आणि स्वयंसेवकांच्या नोंदणीची आवाहने निघाली. होमगार्डांच्या बाबतीत मात्र 1947 च्या कायद्यातील व्याख्या बदललेली नाही, आणि वाढलेल्या दराने वर्षात किती दिवस बोलावणे येईल हे अजूनही उपलब्ध निधी आणि बंदोबस्ताची गरज यांवरच ठरते.