बालपणीचे आघात आणि मनोरुग्णांमधील हिंसा

लहानपणी सोसलेली मारहाण, लैंगिक अत्याचार, भावनिक छळ किंवा आबाळ आणि मनोविकार असलेल्या प्रौढ व्यक्तीच्या हातून घडणारी हिंसा यांच्यातील संबंध. न्यायवैद्यक मानसोपचारशास्त्रात, म्हणजे मनोविकार आणि कायदा यांच्या सांध्यावरील शाखेत, हिंसेच्या धोक्याचा अंदाज बांधताना त्याचा विचार होतो.

या कल्पनेचा उगम नेमका सांगता येत नाही. बहुतेक लेखक अमेरिकन बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप व सहकाऱ्यांच्या १९६२ मधील लेखापासून सुरुवात करतात. मात्र त्या लेखाचा भर मारहाण झालेल्या मुलांच्या इजा ओळखण्यावर होता. हिंसेतून हिंसा उपजते का, हा प्रश्न जॉर्ज कर्टिस यांनी १९६३ मध्ये एका छोट्या टिपणात थेट मांडला आणि शीर्षकातच ‘कदाचित’ हा शब्द ठेवला. तेव्हा श्रेय त्यांच्याकडे जाणे अधिक योग्य दिसते. पुढील काळात ते ‘कदाचित’ पुष्कळदा गळून पडले. हिंसा केलेल्यांना गाठून त्यांचे बालपण विचारायचे, अशी अनेक अभ्यासांची रीत होती. मार खाऊनही ज्यांनी कधी हात उगारला नाही, ती माणसे या रीतीत मोजलीच जात नाहीत.

कॅथी स्पॅट्झ विडम यांनी १९८९ मध्ये उलट दिशेने मोजणी केली. अमेरिकेतील १९६७–७१ च्या न्यायालयीन नोंदींतून छळ वा आबाळ झालेली ९०८ मुले व तुलनेसाठी ६६७ मुले घेऊन त्यांचा पुढील माग काढला. हिंसक गुन्ह्यासाठी अटक झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ११ टक्के, तर दुसऱ्यात ८ टक्के निघाले. नुसती आबाळ झालेल्या मुलांमध्येही ते वाढलेले होते. फरक खरा आहे, पण लहान आहे.

हा अभ्यास सर्वसाधारण मुलांचा होता. मनोरुग्णांबाबत अमेरिकेतील तीन ठिकाणी झालेला मॅकआर्थर अभ्यास महत्त्वाचा ठरतो. रुग्णालयातून घरी सोडलेल्या हजाराहून अधिक रुग्णांमध्ये बालपणीच्या शारीरिक मारहाणीचा पुढील हिंसेशी संबंध आढळला. लैंगिक अत्याचाराचा तसा आढळला नाही. व्यसनाचा वाटा मोठा होता. त्यामुळे ‘लहानपणी छळ झाला, म्हणून हा रुग्ण धोकादायक’ असा शिक्का मारणे शास्त्राला धरून नाही आणि रुग्णावर अन्याय करणारे आहे.

आठवणींवर किती विसंबावे, हा वादाचा मुद्दा आहे. ‘तुमचा छळ झाला होता का?’ या प्रश्नाला ‘नाही, घरी शिस्त होती’ असे उत्तर देणारा माणूस ‘पट्ट्याने मारले होते का? वळ उठले होते का?’ असे विचारल्यावर ‘हो’ म्हणू शकतो. म्हणून बालपणीचे आघात मोजणाऱ्या डेव्हिड बर्नस्टाइन यांच्या २८ विधानांच्या प्रश्नावलीत अशा ठोस घटनाही विचारल्या आहेत. तरीही अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून २०१९ मध्ये केलेल्या एका विश्लेषणात प्रौढपणी सांगितलेला आणि बालपणीच नोंदवलेला छळ यांचा मेळ फारच कमी आढळला. दोन्ही पद्धतींनी बहुधा वेगवेगळी माणसे हाती लागतात, हे मत आता अधिक ग्राह्य मानले जाते.

बालपणीच्या छळातून पुढे हिंसा कशी घडते, याची अनेक स्पष्टीकरणे आहेत. मार खाल्लेली मुले दुसऱ्याच्या साध्या कृतीतही वैर पाहतात, या निष्कर्षाला चांगला आधार आहे. २००२ मध्ये सुचवलेल्या जनुकीय दुव्याला नंतरच्या अभ्यासांत संमिश्र पाठिंबा मिळाला.

वॉर्डात रुग्णाला बांधून ठेवणे किंवा एकटे कोंडणे यातून जुना आघात पुन्हा जागा होऊ शकतो. म्हणून आघाताचे भान ठेवणाऱ्या शुश्रूषेत समोर येऊन, आधी सांगून मगच रुग्णाला हात लावतात.