कॅसेट आणि संगणक यांच्यामधली वायर

साठ मिनिटांची व्हिडिओ कॅसेट संगणकात घ्यायला साठ मिनिटंच लागतात. मेमरी कार्डावरून फायली ओढून घ्यायची सवय झालेल्यांना हे खुळ्यासारखं वाटतं. पण टेपवर फाईल नावाची वस्तूच नसते. फिरत्या ड्रमवरच्या हेडनं फितीवर तिरक्या रेघांमध्ये चुंबकीय खुणा उमटवलेल्या असतात. त्या वाचायच्या तर फीत तशाच ड्रमवरून, त्याच वेगानं पुन्हा सरकावी लागते. चित्रण संगणकात आणण्याच्या सगळ्या खटपटींच्या मुळाशी ही अट आहे.

घरगुती कॅमकॉर्डर, म्हणजे कॅमेरा आणि रेकॉर्डर एकातच, १९८३ मध्ये आला. सोनीचा बीटामूव्ही खांद्यावर घ्यायचा, आणि गंमत म्हणजे त्याला फक्त चित्रण करता यायचं, केलेलं दाखवता यायचं नाही. पुढच्याच वर्षी जेव्हीसीनं व्हीएचएस-सी कॅसेटवर चालणारा कॅमेरा आणला. कॅसेट छोटी, पण आतली फीत नेहमीच्या व्हीएचएसचीच, अर्ध्या इंचाची. म्हणून अडॅप्टरमध्ये घालून ती साध्या व्हीसीआरमध्ये चालायची. १९८५ मध्ये ८ मिलिमीटर फितीची व्हिडिओ८ आली आणि काही वर्षांनी तिची सुधारित आवृत्ती हाय८. हिच्यासाठीही तसंच अडॅप्टर मिळेल म्हणून लोक आजही शोधत बसतात. ते मिळणार नाही, कारण इथे फितीची रुंदीच वेगळी आहे. कॅमेराच टीव्हीला जोडायचा, हाच तिचा रस्ता.

त्या काळी संकलन म्हणजे दोन यंत्रं. एकावर टेप लावायची, दुसऱ्यावर उतरवायची आणि पॉज बटणावर बोट ठेवून बसायचं. प्रत्येक नकलेत रंग थोडे पसरायचे, कडा मऊ व्हायच्या.

१९९१ मध्ये ॲपलचं क्विकटाइम आणि १९९२ मध्ये व्हिडिओ फॉर विंडोज आलं, तेव्हा संगणकावर चलतचित्र दिसू लागलं खरं, पण टपाल तिकिटाएवढ्या चौकटीत. कारण साधा हिशेब करून पाहिला तरी कळतं. पॅल या टीव्ही पद्धतीचं पूर्ण चित्र ७२० × ५७६ बिंदूंचं, सेकंदाला २५ चित्रं. प्रत्येक बिंदूला दोन बाइट धरले तर सेकंदाला सुमारे २० मेगाबाइट होतात. तेव्हाच्या घरगुती हार्ड डिस्कला हा लोंढा झेपणं शक्यच नव्हतं. म्हणून टेपचं चित्र संगणकात घेणाऱ्या कॅप्चर कार्डावरच चित्र दाबून लहान करणाऱ्या चिप आल्या. त्यातही आवाज वेगळ्या साउंड कार्डातून घेतला, तर दोन्हींची घड्याळं वेगळी चालायची. लांबलचक चित्रणाच्या शेवटी ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे!

आणखी एक अडचण होती, जी आजही स्वस्तातली यूएसबी कॅप्चर डोंगल घेणाऱ्यांना छळते. फीत ताणली जाते, मोटर किंचित मागेपुढे होते, त्यामुळे चित्राच्या रेघा नेमक्या वेळेवर येत नाहीत. जुना टीव्ही हे निमूट सांभाळून घ्यायचा. कॅप्चर कार्डाकडे तेवढा समजूतदारपणा नसतो. ते गोंधळतं आणि फ्रेम गाळतं. रेघा वेळेवर आणणाऱ्या उपकरणाला टाइम बेस करेक्टर म्हणतात. स्टुडिओत ते असायचं, घरात क्वचितच.

मग १९९५ मध्ये डीव्ही ही टेपवर डिजिटल चित्रणाची पद्धत आली आणि चित्र पालटलं. सोनीच्या डीसीआर-व्हीएक्स१००० या कॅमेऱ्यावर फायरवायरचं, म्हणजे संगणकाशी वेगानं जोडणाऱ्या वायरीचं सॉकेट होतं. ॲपलमध्ये ज्याच्यावर ऐंशीच्या दशकापासून काम चाललं होतं तेच त्याच वर्षी आयईईई १३९४ नावाचं प्रमाण बनलं होतं. सोनी त्याला आय-लिंक म्हणे. मोठा फरक असा, की चित्र दाबून लहान करण्याचं काम कॅमेराच चित्रण करताना उरकायचा. फितीवर थेट आकडेच असायचे. संगणकानं ते फक्त उतरवून घ्यायचे, सेकंदाला साधारण ३.६ मेगाबाइट, तासाला १३ गिगाबाइटच्या आसपास. एकाच वायरीतून चित्र यायचं, आवाज यायचा आणि संगणकावरून कॅमेऱ्याची टेप मागेपुढेही करता यायची. शिवाय प्रत्येक दृश्याची तारीख-वेळ चित्रापासून वेगळी नोंदलेली असल्यामुळे सॉफ्टवेअर प्रसंगही आपोआप वेगळे करायचं. माझ्या मते, तांत्रिकदृष्ट्या घरगुती व्हिडिओच्या इतिहासातली ही सर्वांत सुटसुटीत सोय होती. पुढे आलेल्या काही कार्डवाल्या कॅमेऱ्यांच्या फायली संकलनाला याहून त्रासदायक ठरल्या.

१९९९ हे महत्त्वाचं वर्ष. ऑक्टोबरमध्ये ॲपलनं आयमॅक डीव्ही काढला, त्यात आयमूव्ही हे संकलनाचं सॉफ्टवेअर होतं. विंडोज एमई मधून तसंच मूव्ही मेकर वर्षभरात आलं. त्याच १९९९ मध्ये सोनीनं डिजिटल८ आणलं, म्हणजे जुन्याच ८ मिमी कॅसेटवर डीव्ही पद्धतीचं चित्रण. त्यातली बरीच मॉडेलं जुन्या व्हिडिओ८ आणि हाय८ टेपही वाचून थेट फायरवायरमधून बाहेर काढायची. नव्या कॅमेऱ्यात टाकलेली ही जुन्यांची सोय तेव्हा फारशी कुणी मोजली नव्हती. आता सेकंडहँड बाजारात लोक नेमकं तेच मॉडेल शोधत असतात.

अडथळे तेव्हाही होते. एफएटी३२ पद्धतीच्या डिस्कवर एक फाईल ४ गिगाबाइटच्या पुढे जात नसे, म्हणजे जेमतेम १९ मिनिटं. युरोपात विकल्या जाणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांची डीव्ही-इन, म्हणजे बाहेरचं चित्रण आत घेणारी बाजू मुद्दाम बंद ठेवलेली असायची. बाहेरून आलेलं चित्रण नोंदवू शकणारं यंत्र जकातीच्या लेखी व्हिडिओ रेकॉर्डर ठरायचं आणि कर वाढायचा. त्यामुळे संकलित केलेलं पुन्हा टेपवर नेता येत नसे. मिनीडीव्ही, म्हणजे डीव्हीच्या छोट्या कॅसेटच्या कॅमेऱ्यावरच्या यूएसबी सॉकेटनं तर कित्येकांना फसवलं. ते बहुधा स्थिरचित्रांसाठी किंवा वेबकॅमसारख्या हलक्या चित्रासाठी असायचं. ते वापरलेल्यांना टेप संगणकात आल्यासारखी वाटली, पण आली ती तिची सावली.

पुढे हार्ड डिस्कवाले आणि कार्डवाले कॅमेरे आले, २००६ मध्ये एव्हीसीएचडी ही टेपविना चित्रणाची पद्धत आली आणि टेप मागे पडली. २०१२ पासून मॅकच्या नव्या मॉडेलांतून फायरवायरचं सॉकेट जाऊ लागलं. काही वर्षं थंडरबोल्ट अडॅप्टरांची साखळी जोडून काम भागत होतं, पण २०२५ च्या मॅकओएस टाहोनं फायरवायरचा आधारच काढून टाकला. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाईनं २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयानं २०१५ मध्येच इशारा दिला होता, की डिजिटल न झालेल्या चुंबकीय फिती २०२५ नंतर बव्हंशी हातच्या जातील. फिती खराब होतात हे एक कारण, पण चालती यंत्रं, सुटे भाग आणि दुरुस्तीचे जाणकार मिळत नाहीत हे दुसरं आणि अधिक जाचक.

अलीकडे काही हौशी मंडळींनी उलटीच वाट धरली आहे. व्हीएचएस-डिकोड नावाच्या सॉफ्टवेअरसाठी ते व्हीसीआरचं झाकण उघडतात, हेडकडून येणारा कच्चा सिग्नल थेट वायर जोडून घेतात आणि रेघा जुळवण्यापासून रंग काढण्यापर्यंतचं सगळं काम संगणकावर सोपवतात. कच्च्या फायली अवाढव्य होतात, प्रक्रियेला वेळ लागतो, आणि ड्रम फिरवायला एक धड चालणारा व्हीसीआर मात्र लागतोच.