टर्बोचा दांडा तेलावर तरंगतो

टर्बो पेट्रोल इंजिनाची छोटी गाडी घेतली की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे, बंद करायच्या आधी रोज पाच मिनिटं आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ठेवायची, नाहीतर टर्बो गेलाच. दुसरा, आता सगळं कॉम्प्युटर बघतो, तुम्ही फक्त चालवा. दोन्ही अर्धे खरे आहेत, आणि कुठला अर्धा खरा ते कळायला टर्बोच्या आत एकदा डोकवायला लागतं.

इंजिनाची ताकद पेट्रोलवर नाही, हवेवर अडते. १ भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, आणि साधं १ लिटरचं इंजिन बाहेरच्या दाबाने जेवढी हवा आत शिरेल तेवढीच घेणार. दुसरीकडे पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जवळपास तिसरा हिस्सा गरम धुराबरोबर एक्झॉस्टमधून वाया जातो. स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखीने १९०५ साली पेटंट घेतलं ते याच धुराला कामाला लावायच्या कल्पनेचं. धुराने एक चाक फिरवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलणार. हाच टर्बो. दाबली की हवा तापते, दुप्पट दाबाला शंभर-सव्वाशे अंशांपर्यंत सहज, आणि तापलेली हवा पसरते म्हणून मध्ये ती गार करणारा इंटरकूलर. प्रवासी गाड्यांत हे पहिल्यांदा आलं १९६२ मध्ये, अमेरिकेत ओल्ड्समोबिल आणि शेवरलेच्या गाड्यांत.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. मला खरं वेड लावलंय ते मधल्या दांड्याने. पेन्सिलीएवढा जाड दांडा, आणि छोट्या टर्बोत तो मिनिटाला २ लाख फेऱ्यांपर्यंत जातो, म्हणजे सेकंदाला ३,३०० च्या वर! चाक ४० मिलिमीटरचं धरलं तर त्याची कड सेकंदाला ४०० मीटरच्या पुढे पळते, आवाजाच्या वेगापेक्षा जास्त. आणि बहुतेक गाड्यांत या दांड्याला छर्ऱ्यांचं बेअरिंग नसतंच, तो नुसत्या तेलावर तरंगतो.

कसा, तर ओल्या रस्त्यावर जोरात जाणारा टायर पाण्यावर उचलला जातो ना, तसंच. फिरणारा दांडा चिकट तेलाला स्वतःबरोबर ओढत अरुंद फटीत नेतो, तिथे तेलाचा दाब वाढतो आणि दांडा धातूपासून सुटतो. पण एकाच थरात गडबड होते, कारण तेल दांड्याच्या साधारण निम्म्या वेगाने गोल फिरत राहतं आणि दांडा त्यात गटांगळ्या खाल्ल्यासारखा घिरट्या घालायला लागतो. यावर उपाय म्हणून दांड्याभोवतीची बुशही (नळीसारखं कडं) मोकळी सोडतात, तिच्या आतून तेल, बाहेरून तेल, बुश स्वतःही त्याच दिशेने पण सावकाश फिरते, मग आतल्या थराला सगळा वेगाचा फरक एकट्याने सोसायला लागत नाही आणि बाहेरचा थर घिरट्यांचा जोर गिळून टाकतो. एका बेअरिंगमध्ये तेलाचे दोन थर, दोन्ही मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायचे. किती सुंदर आहे हे!

देखभाल यातूनच निघते. तेल येतं इंजिनाच्याच पंपाकडून, म्हणून गार इंजिन सुरू केल्या केल्या रेस करू नका, सुरुवातीचे काही किलोमीटर सबुरीने घ्या. इंजिन बंद झालं की पंपही बंद, आणि टर्बाइनचं, म्हणजे धुराने फिरणाऱ्या चाकाचं, घर मात्र जोरात चालवल्यावर ९०० अंशांच्या आसपासच्या धुराने तापलेलं असतं, ती उष्णता दांड्यावरून मधल्या तेलात उतरते आणि साचलेलं तेल करपून कोळसा होतो, तो बारीक नळीत बसला की पुढच्या वेळी तेल पोचणार कुठून? आता टर्बोला पाण्याचं कूलिंग असतं, कित्येक गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही विजेचा पंप ते पाणी फिरवत राहतो. शिवाय शेवटचे दोन-तीन मिनिट आपण गल्लीतून हळूच येतो, तेवढं पुरतं. लांब चढ किंवा सलग भरधाव चालवून थेट थांबलात तर मिनिटभर आयडल ठेवा. रोजची पाच मिनिटं म्हणजे नुसतं पेट्रोल जाळणं.

ऑनलाइन ‘इलेक्ट्रिक टर्बो’ नावाचे छोटे पंखे मिळतात, ते घेऊ नका. शंभर हॉर्सपॉवरच्या इंजिनाची हवा दुप्पट दाबायला पाच-सात किलोवॅट लागतात, तो पंखा कॉम्प्युटरमधल्या पंख्याचा भाऊ.

तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं घाला. डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो इंजिनात कमी फेऱ्यांवर जोर दिला की तेलाचे थेंब ठिणगीच्या आधीच पेट घेऊ शकतात, पिस्टन फुटण्यापर्यंत मजल जाते, तेलातल्या कॅल्शियमवाल्या डिटर्जंटमुळे हे वाढतं म्हणून २०२० मध्ये आलेल्या ‘एपीआय एसपी’ या इंजिन तेलाच्या दर्जात त्याची चाचणी आहे. वरच्या गिअरमध्ये १,५०० फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा नाही, आधी गिअर उतरवा. एअर फिल्टर वेळेवर बदला, वाळूचा कण त्या वेगाच्या पात्यावर आदळला तर पातं झिजतं. शिट्टीचा आवाज नव्याने यायला लागला किंवा निळा धूर दिसला तर लगेच दाखवा.

आणि महिन्यातून एकदा सपाट जागेवर डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी काडी, काढून बघा. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं आणि तेल पातळ होतं. पातळी कमी झाली तर सगळेच घाबरतात, पण वाढलेली दिसली आणि काडीला पेट्रोलचा वास आला तर सर्व्हिसच्या तारखेची वाट न बघता तेल बदलून टाका.