केप कॉडचं चाच्यांचं संग्रहालय : सहलीला निघण्याआधी

बोस्टन आणि आसपास मुलांकडे राहायला आलेल्या आई-बाबांसाठी आणि त्यांच्या नातवंडांसाठी आम्ही केप कॉडची एका दिवसाची सहल नेतो. त्यातलं मुख्य ठिकाण म्हणजे वेस्ट यार्मथमधलं व्हिडा चाचे संग्रहालय. ‘व्हिडा’ या बुडालेल्या चाच्यांच्या जहाजातून वर काढलेल्या वस्तू इथे ठेवल्या आहेत. आत पाट्या भरपूर आणि सगळ्या इंग्रजीत, त्यामुळे थोडी माहिती आधीच वाचून गेलात तर दोन तास सार्थकी लागतील.

सोन्याने भरलेल्या पेट्या बघायच्या तयारीने जाऊ नका. नाणी आहेत, पश्चिम आफ्रिकेतल्या अकान लोकांच्या सोन्याच्या दागिन्यांचे तुकडे आहेत, पण ते बघून होतात पाच मिनिटांत. आमच्या मते वेळ द्यावा तो काळपट, ओबडधोबड ढेकळांना. जहाज बुडालं की तोफा, गोळे, खिळे असं सगळं लोखंड खाऱ्या पाण्यात गंजू लागतं. तो गंज वाळू आणि क्षारांना धरून ठेवतो आणि भोवती दगडासारखं कवच तयार होतं. जवळपास जे काही पडलेलं असेल, नाणं, पिस्तूल, कापडाचा तुकडा, ते त्यात अडकतं आणि शेकडो वर्षं टिकतं. अशी ढेकळं वर काढल्यावर लगेच वाळू देत नाहीत, कारण आतलं मीठ स्फटिक होऊन फुगतं आणि वस्तू भुगा होते. म्हणून ती पाण्यातच ठेवतात. आधी क्ष-किरणांनी आत काय आहे ते बघायचं, मग बारीक हत्यारांनी कवच टिचवायचं, आणि लोखंडात मुरलेलं मीठ सौम्य वीजप्रवाह सोडून काढायचं. एकेका ढेकळाला वर्षंही लागतात. १९८४ मध्ये हे जहाज सापडलं, तरी काम अजून चालूच आहे.

आता जहाजाविषयी. ‘व्हिडा’ लंडनला बांधलं गेलं ते गुलामांच्या व्यापारासाठी. आजच्या बेनिन देशातल्या उइदा बंदराचं नाव त्याला दिलं होतं. आफ्रिकेतून शेकडो माणसं कोंबून नेऊन कॅरिबियनमध्ये विकली, आणि साखर, नीळ, चांदी, सोनं भरून ते इंग्लंडकडे निघालं. तेव्हा, म्हणजे १७१७ च्या फेब्रुवारीत, सॅम बेलमी या चाच्याने ते पकडलं. दोनच महिन्यांनी, २६ एप्रिलच्या रात्री, वेलफ्लीटजवळ वादळात ते किनाऱ्याच्या अगदी जवळ येऊन उलटलं. जहाजावरच्या सुमारे १४६ जणांपैकी दोघे वाचले. नातवंडं चाच्यांच्या टोप्या घालून फिरतील, फिरू द्या. पण खजिन्यातलं सोनं कुठून आलं, हे विचारलं तर टाळू नका. वाचलेल्या दोघांपैकी थॉमस डेव्हिस हा जबरदस्तीने धरून आणलेला सुतार. तो बोस्टनच्या खटल्यात निर्दोष सुटला. दुसरा जॉन ज्युलियन, मध्य अमेरिकेतल्या मिस्किटो जमातीचा आदिवासी. त्याला गुलाम म्हणून विकलं, असं मानतात.

घंटा चुकवू नका. बुडालेली जहाजं शोधणारे बॅरी क्लिफर्ड यांनी १७१७ मध्येच काढलेल्या नकाशाच्या आधारे शोध घेतला, तेव्हा मिळालेलं जहाज खरंच तेच का, अशी शंका घेणारे होतेच. १९८५ मध्ये ही घंटा मिळाली. तिच्यावर जहाजाचं नाव आणि १७१६ हे साल कोरलेलं होतं. वाद तिथेच संपला.

मुलांना जॉन किंगची गोष्ट जरूर सांगा. आईबरोबर दुसऱ्या जहाजाने प्रवास करणारा हा मुलगा, वय जेमतेम नऊ-दहाच्या आसपास. बेलमीने ते जहाज लुटलं तेव्हा तो हट्टाने चाच्यांबरोबर गेला. बुडालेल्या जहाजात एक लहान बूट, रेशमी मोजा आणि पायाचं हाड मिळालं. ते त्याचंच, असं संशोधकांचं मत आहे.

आमच्या गटात कोणी ना कोणी विचारतंच : इंग्रज आपल्या कान्होजी आंग्र्यांनाही चाचेच म्हणत होते ना? म्हणत होते, आणि तेही याच काळात. पण कान्होजी छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. त्यांच्याकडे कुलाबा आणि विजयदुर्ग होते, ते जकात घेऊन दस्तक, म्हणजे समुद्रात फिरायचा परवाना, देत आणि दस्तक नसलेलं जहाज पकडत. बेलमीच्या मागे ना राज्य, ना बंदर. चाच्यांचा खरा उपद्रव आपल्या समुद्राने सोसला तो १६९५ मध्ये. हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने हजहून सुरतेला परतणारं ‘गंज-ए-सवाई’ हे मुघलांचं जहाज लुटलं, आणि त्याची शिक्षा म्हणून औरंगजेबाने सुरतेतल्या इंग्रजांना कोंडलं.

जेवणानंतर आपण वेलफ्लीटच्या मार्कोनी किनाऱ्यावर जातो. जहाज त्याच भागात बुडालं. वाळूच्या उंच कड्यावरूनच समुद्र छान दिसतो. खाली उतरायला जिना आहे, पण गुडघे कुरकुरत असतील तर वरच थांबा. पाण्यात शिरायचा आग्रह मात्र कोणीही धरू नका : या बाजूला मोठे पांढरे शार्क येतात.

बोस्टनहून संग्रहालय साधारण १२० किलोमीटर. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी सॅगमोर पुलावर गाड्या तुंबतात, म्हणून आम्ही मधल्या वारीच निघतो आणि सकाळी लवकर निघतो. वारा बोचरा असतो, जुलैतही अंगावर घ्यायला काहीतरी असू द्या. औषधं, पाणी, दशम्या-चटणी जवळ ठेवा. संग्रहालयाआधी चहासाठी एकदा थांबतो. ज्यांना इतका प्रवास झेपणार नाही, त्यांच्यासाठी सेलममध्ये याच जहाजाच्या वस्तूंचं दुसरं प्रदर्शन आहे, तिथे अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं. बुकिंग करताना यातलं कुठलं हवं, तेवढं सांगा. वादळाचा इशारा आला तर सहल पुढे ढकलतो आणि भरलेले पैसे तसेच पुढच्या तारखेला धरतो.