एका मांजरीवर किती खापर फोडायचं?

न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर उडता न येणारा, चिमणीहून छोटा ‘रेन’ पक्षी राहायचा. 1894 मध्ये तिथे दीपगृह सुरू झालं आणि रक्षकाच्या ‘टिबल्स’ नावाच्या एकट्या मांजरीने अख्खी जात संपवली, अशी गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. गोष्ट झकास, पण खरी नाही.

मांजर पक्षी पकडून आणायची हे खरं. सहायक रक्षक डेव्हिड लायल यांनी जपलेले ते नमुने ब्रिटिश पक्षी-संग्राहक वॉल्टर रॉथशील्डपर्यंत पोहोचले आणि पक्ष्याच्या शास्त्रीय नावात लायल कायमचे बसले. जिवंत पक्षी मात्र त्यांना दोनदाच दिसला. तो उंदरासारखा खडकांत पळायचा म्हणे.

पण बेटावर आलेली मांजर गाभण होती. पुढे तिथे मोकाट मांजरांचा सुळसुळाट झाला. 1899 पर्यंत नव्या मुख्य रक्षकाने दहा महिन्यांत शंभराहून अधिक मांजरं मारली होती. बेट पूर्ण मांजरमुक्त व्हायला 1925 उजाडलं. एका मांजरीचं काम कसलं हे? शिवाय संग्राहक चांगली किंमत मोजत होते, त्यामुळे मेलेल्या पक्ष्यांनाही गिऱ्हाईक होतंच.

त्याहून मोठी बाब गोष्टीत येतच नाही. जीवाश्म सांगतात की हा पक्षी एके काळी न्यूझीलंडच्या दोन्ही मुख्य बेटांवर होता. पॉलिनेशियन दर्यावर्दींसोबत आलेल्या उंदरांनी त्याचा तिथे निकाल लावला, असं संशोधक मानतात. मांजरांच्या वाट्याला आलं ते दीड चौरस किलोमीटरवर उरलेलं शेपूट.